चौथऱ्यावरची गाडी

उभी हयात मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. तरफ हा माझा हातखंडा विषय. पुरेशी लांब तरफ आणि टेकायला जागा मिळाली तर माणूस पृथ्वीसुद्धा उचलेल, हे वाक्य मी इतक्या वर्गांपुढे इतक्या खात्रीने म्हटलं आहे की निवृत्त होईपर्यंत ते मूळचं माझंच आहे असं मला वाटायला लागलं होतं. पृथ्वी उचलायची वेळ काही माझ्यावर आली नाही. गाडी उचलायची आली. त्यात जे झालं ते आमच्या तालुक्यात अजून चवीने सांगितलं जातं आणि प्रत्येक जण चुकीचं सांगतो, म्हणून मी बरोबर सांगतोय.

गाडी म्हणजे मोटारहोम. एका जुन्या मिनीबसच्या पोटात पुण्याच्या कोणा हौशी माणसाने पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायचं बेसिन आणि संडास म्हणवणारं एक उभं कपाट बसवलं होतं. ती आम्ही घेतली माझ्या बायकोसाठी. पौर्णिमा सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, आणि कधी कधी तंद्रीत मीही. निवृत्त झाल्यावर काय पाहिजे असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, वैशाख पौर्णिमेला सांचीच्या स्तूपासमोर आपल्या हातचा चहा करून प्यायचा, आणि कोणी हाक मारली तरी उठायचं नाही. वैशाख पौर्णिमेचाच तिचा जन्म, नावही त्यावरूनच. मागणं एवढंच असल्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

गाडी दारात आली त्या दिवशी शेजारच्या छबुबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, कोण गेलं?" पांढरी लांब गाडी, खिडक्यांना पडदे, त्यांना ती शववाहिका वाटली. पौर्णिमा म्हणाली, "अजून कोणी नाही." त्या वेळी मी हसलो होतो.

झालं असं की गाडीच्या बुडाला सांडपाण्याची एक टाकी होती, ती दोन लोखंडी पट्ट्यांवर लटकलेली. त्यातली एक पट्टी तुटली. टाकी एका अंगाने लोंबू लागली आणि ठिबकायला लागली. आपल्या रस्त्यांवरच्या पहिल्याच गतिरोधकाने ती ओरबाडून काढली असती. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि हे मोरीचं काम आहे, प्लंबर बघा, म्हणून सांगितलं. प्लंबरने वाकून पाहिलं आणि हे गाडीचं काम आहे, गॅरेज बघा, म्हणून सांगितलं. बायपासच्या मोठ्या गॅरेजात नेली तर गाडीचं टप दारातून आत जाईना. घर म्हणावं तर चाकं आणि गाडी म्हणावं तर संडास, अशा वस्तूला या देशात वाली नसतो. तेव्हा काम घरी, अंगणात करायचं ठरलं. करायचं होतं तरी काय? गाडी उचलायची, खाली शिरायचं, नवी पट्टी लावायची आणि बाहेर यायचं. फळ्यावर मी हे खडूच्या चार रेघांत दाखवलं असतं.

गाडीबरोबर मिळालेला जॅक मी लावला आणि दांडा मारू लागलो. पण आमचं अंगण काळ्या मातीचं, आणि टाकी नेमकी तिथेच ठिबकत होती. मी दांडा मारत राहिलो. गाडी जागच्या जागी राहिली आणि जॅक सावकाश, विनातक्रार जमिनीत गेला. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे खरं, पण त्यातली कोणती खाली जाईल याबद्दल पुस्तकात काही दिलेलं नाही.

हा प्रयोग कंपाउंडच्या भिंतीवरून विठ्ठलराव पाहत होते. विठ्ठलराव म्हणजे छबुबाईंचे यजमान. चकलांब्याकडे मोठी बागायत, इथे काचांचा बंगला. ते कायम कशाचे तरी माजी असतात आणि कशाचे तरी भावी. आत्ताचे असे ते मी कधी पाहिले नाहीत. त्यांनी भिंतीवरून सांगितलं की त्यांचा जेसीबी मोकळाच आहे, ड्रायव्हर पोरगा लई तरबेज आहे, बकेट घालून मागची बाजू उचलून धरील, तोवर सरांनी खालून हात मारून घ्यावा. पौर्णिमेने विचारलं, ड्रायव्हरला मध्येच फोन आला तर? विठ्ठलराव म्हणाले की फोन तो दुसऱ्या हाताने घेतो.

मग सल्ल्यांना पूर आला. समोरच्या तलाठ्यांच्या मते गाडी एका कुशीवर कलती करायची, बैलाला नाल ठोकताना करतात तशी. कोणी म्हणालं चाकाखाली वाळूची पोती घाला, कोणी म्हणालं ओढ्याच्या काठावर अर्धी पुढे काढून लावा. हे सगळे लोक कधी गाडीखाली गेलेले नव्हते आणि जाणारही नव्हते, त्यामुळे त्यांची मतं फार ठाम होती.

शेवटी उमापुराहून माझा मेहुणा जीवन आला. जीवनकडे ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टर असलेल्या माणसाला विश्वातलं कुठलंही यंत्र नवीन नसतं. त्याने अर्धवट राहिलेल्या बांधकामाच्या विटा ट्रॉलीत भरून आणल्या. जॅकखाली फळी टाकली, गाडी चढवली, बुडाच्या लोखंडी चौकटीखाली विटांचे मनोरे रचले आणि जॅक सोडला. गाडी त्यावर उभी राहिली. मला तर ती सुंदरही दिसली. मी पाना घेऊन आडवा झालो, छातीपर्यंत आत सरकलो, आणि तेवढ्यात पौर्णिमा बाहेर आली.

तिने मला बाहेर यायला सांगितलं. मी म्हणालो की दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, आधी बाहेर या, मग गाडी हलवून बघा, मग जायचं तर जा. मेहुण्यासमोर असं बोलावं हे मला आवडलं नाही. मी पाना तिथेच टाकला, फणकारत बाहेर आलो आणि जीवनला म्हणालो, हलव बाबा, तुझ्या ताईचं समाधान कर. जीवनने खांद्याने एक रेटा दिला. पहिल्यांदा एका विटेचा चुरा झाला, कोणी भाजका पापड मुठीत दाबावा तसा. मग तिच्या खालची गेली, मग तो सगळा मनोरा. गाडी धप्पकन खाली आली. पाना मातीत इतका रुतला होता की नंतर तो खुरप्याने उकरून काढावा लागला. तो जिथे होता तिथे घटकेपूर्वी माझी छाती होती.

जीवनने चहा न घेता ट्रॉली जोडली आणि तो उमापूरला गेला. संध्याकाळी भाजी निवडताना पौर्णिमा माझ्याकडे न बघता म्हणाली, "ट्रॅक्टरखालून आणलेली माणसं मी लई पाहिलीत. त्यांच्या बायका सगळ्या एकच सांगायच्या, दोन मिनिटांसाठीच खाली गेलते म्हणून."

मग तिने अटी घातल्या. जमीन कडक आणि सपाट पाहिजे. विटा, लाकडं, दगड यावर गाडी टेकवायची नाही; ट्रकवाले गाडीखाली लावतात त्या, किती वजन पेलेल ते कोरलेल्या लोखंडी घोड्याच पाहिजेत. जॅक फक्त उचलायला, धरून ठेवायला नाही. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही अंगांनी अडण, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून पाचरी, काढलेली चाकं चौकटीखाली आडवी. आत शिरण्याआधी गाडी हलवून बघायची. खाली माणूस असताना बाहेर एक जण उभा पाहिजे, आणि वर, गाडीत, कोणीही चढायचं नाही. तिने हे सगळं ऑपरेशनच्या टेबलाची तयारी सांगावी तसं सांगितलं. मी मान डोलावली. आर्किमिडीजलाही बायको असती तर त्याने पृथ्वीचा विषय काढला नसता.

म्हणून काँक्रीट. गवंडी आला. आमचं अंगण फाटकाकडे उतरतं, त्यामुळे वरचं पातळीत ठेवायचं तर फाटकाच्या बाजूला काम गुडघ्याच्या वर आलं. मागून गाडी चढवायला उतार ठेवला. चारी बाजू घोटून घेतल्या. सिमेंट सुकेल तसं ते दिसायला भलतंच देखणं आणि भारदस्त झालं. मी त्यावर रोज पोती टाकून पाणी मारायचो.

अशाच एका सकाळी विठ्ठलरावांनी भिंतीवरून विचारलं, "सर, ह्ये काय बांधताय?"

मी म्हणालो, "चौथरा."

"कशापायी?"

आता इथे गाडीसाठी असं म्हणून मोकळं व्हायचं होतं. पण जॅक जमिनीत गेला तेव्हा त्यांनी दिलेला जेसीबीचा सल्ला आणि त्या वेळचं त्यांचं हसू माझ्या मनात होतं. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "वेळ आली की कळेल सगळ्यांना."

विठ्ठलराव बराच वेळ चौथऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग आत गेले.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या अभियंता वनमाला मॅडम आल्या. बाई सभ्य होत्या, तक्रार कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी भिंतीकडे बघितलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की नुसता चौथरा म्हणजे बांधकाम, आणि त्याला परवानगी लागते. त्यावर गाडी उभी असेल तर ती पार्किंगची जागा, आणि तिला परवानगी लागत नाही. मी सांगितलं की गाडीच उभी करायची आहे, पण चाकं काढून. त्या विचारात पडल्या. चाकं काढलेली, आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली, पक्क्या पायावर टेकलेली वस्तू म्हणजे नियमाने घर होतं, आणि त्याला नकाशा, सामासिक अंतर आणि शोषखड्डा लागतो. मी विचारलं, चाकं परत लावली की? मग ते पाडकाम धरावं लागेल, त्या म्हणाल्या, त्यालाही परवानगी लागते. शेवटी त्यांनीच मार्ग सुचवला: काय करायचं ते लवकर करा, मी पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला चालले आहे.

आम्ही लवकर केलं. जीवन पुन्हा आला, या वेळी ताईच्या शब्दाबाहेर न जाण्याच्या अटीवर. बीडहून चार घोड्या आणल्या. गाडी उतारावरून चौथऱ्यावर चढली, पुढच्या चाकांना अडण लागली, जॅकने मागचं अंग उचललं, घोड्या बसल्या, मागची चाकं निघून चौकटीखाली गेली. तिघांनी मिळून रेटे दिले. गाडी हलली नाही. मला शाळेतल्या निकालासारखा आनंद झाला. पण आभाळ भरून आलं होतं, वारं सुटलं होतं. गाडीच्या टपावरची खिडकी नीट लागत नव्हती. जीवनने ट्रॉलीतून कांद्यावरची ताडपत्री काढली आणि आम्ही गाडी वरपासून खालपर्यंत झाकून दोऱ्यांनी आवळली.

ताडपत्री निळी होती.

आता निळी ताडपत्री अख्ख्या मराठवाड्यात आहे. कांद्यावर आहे, कडब्यावर आहे, लग्नाच्या आचाऱ्यावर आहे, विठ्ठलरावांच्या सोयाबीनवर तर पाच-पाच आहेत. तिथे ती ताडपत्री असते. आमच्या अंगणात आली की तिला रंग येतो.

सकाळी मी दार उघडलं तर फाटकाबाहेर पोलिसांची गाडी, तिच्यामागे विठ्ठलराव आणि त्यांच्या ओळखीची पंधरावीस माणसं. दुसऱ्या बाजूने आमचा धर्मराज पोरं घेऊन येत होता. धर्मराज आमच्या जुन्या वस्तीतला कार्यकर्ता. माझाच विद्यार्थी, पदार्थविज्ञानात दोनदा राहिलेला. त्याच्या हातात हार होता. फौजदार अमरसिंह साहेब पुढे आले आणि अदबीने म्हणाले, "सर, परवानगी हाय का?"

"कशाची?"

"ते तुमी सांगायचं."

बराच वेळ असंच चाललं. पुतळा हा शब्द कोणी उच्चारला नाही. कोणाचा, हेही कोणी विचारलं नाही. त्याची गरज नव्हती, माझं आडनाव गावाला माहीत आहे. मी इतकी वर्षं या गावातल्या सगळ्या आळ्यांतल्या पोरांना तरफ, कप्पी आणि उतरण शिकवली. विठ्ठलरावांची दोन पोरं माझ्याकडे मोफत शिकवणीला होती. पण अंगणात चौथरा बांधला आणि वर काही झाकून ठेवलं, की मी सर राहत नाही, विषय होतो. हे मला त्या सकाळी फाटकात बनियनवर उभं असताना नीट समजलं, आणि ते आधीच समजलेलं असायला हवं होतं असंही वाटलं.

पौर्णिमेने आतून विळा आणला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या.

खाली मोटारहोम निघालं तेव्हा दोन्ही बाजूंची इतकी निराशा झाली की मला जवळजवळ ओशाळल्यासारखं झालं. धर्मराजने हार पाठीमागे लपवला. तो मला बाजूला घेऊन फार दुःखाने म्हणाला, "सर, एवढा चौथरा बांधला आन् वर संडास ठिवला? समाजानं काय समजावं?" तो म्हणाला की जे झालं ते झालं, आता चौथरा तयार आहेच तर गाडी काढा, बाकीचं आम्ही बघतो. विठ्ठलराव फौजदारांना सांगत होते की आज गाडी आहे, उद्या काय असेल याचा भरवसा काय. चौथरा आधी तोडा. एकाला वर दुसरंच काही हवं होतं, दुसऱ्याला खालचंच नको होतं. मला फक्त मधली पट्टी लावायची होती.

मला वाटलं, गाडी आहे हे दिसलं, विषय संपला. अमरसिंह साहेबांनी समजावून सांगितलं की तसं नसतं. रात्रीच वर कळवलेलं होतं. वर कळवलेली गोष्ट खोटी निघाली तरी खाली मिटत नाही, तिची रीतसर बैठक घ्यावी लागते. तोवर जैसे थे. म्हणजे गाडी उतरवायची नाही, आणखी उचलायची नाही, चौथरा वाढवायचा नाही, तोडायचा नाही. रविवारी शांतता समिती याच जागी बसेल.

वैशाख पौर्णिमा जवळ आली होती. पौर्णिमेने डब्यांत भरलेला चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही घरातच खायला सुरुवात केली. ती कुरकुरली नाही, हाच मला त्रास होता. मग रविवारी सकाळी मला सुचलं की आदेशात वर आणि खाली नेण्याची मनाई आहे. खालून आत शिरण्याबद्दल साहेब काहीच बोललेले नाहीत. बैठक दहाची होती, म्हणजे ती बाराला सुरू होणार. मी गाडी हलवून पाहिली. पौर्णिमेने परत हलवून पाहिली. ती बाहेर उभी राहिली आणि मी आत सरकलो.

काम छान चाललं होतं. जुनी पट्टी काढली, टाकी एका हाताने आणि छातीने तोलून धरली, नवी पट्टी खालून घेतली, एक नट अर्धा फिरवला, आणि बैठक सुरू झाली. दहाला. आमच्या गावात एखादी सभा वेळेवर सुरू झाल्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग, आणि तेव्हा मी टाकीखाली. हात सोडला तर टाकी तोंडावर येणार होती. बाहेर येणं शक्य नव्हतं.

मला फक्त पायताणं दिसत होती. फौजदारांचे तांबडे बूट. विठ्ठलरावांच्या कोऱ्या करकरीत चपला. धर्मराजचे नारिंगी लेस लावलेले बूट. आणि या सगळ्यांच्या अलीकडे, गाडीच्या अगदी कडेला, पौर्णिमेच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला. खुर्च्या मांडल्या गेल्या. प्रास्ताविक झालं. आपलं गाव कसं सलोख्याचं आहे हे माझ्या तळव्यांना उद्देशून तिघांनी सांगितलं. माझ्या पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते मी शक्य तितकं आत ओढून घेतलं. एकाने सरांचं मनोगत व्हावं अशी सूचना केली. मी खालून म्हणालो की मी सध्या कामात आहे.

मग विठ्ठलरावांनी मुद्दा काढला. गाडी दिसते ती बाहेरून. आत काय आहे ते कोणी पाहिलंय? एवढ्या लांब गाडीत आडवं काहीही मावतं. समितीने आत जाऊन खात्री करावी.

"खाली माणूस हाय," पौर्णिमा म्हणाली. "कोणी चढायचं नाही."

विठ्ठलराव म्हणाले, सिस्टर, दोन मिनिटांचं काम हाय.

ते शब्द ऐकून मी टाकी आणखी घट्ट धरली. करकरीत चपला माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि पायरीवर चढून दिसेनाशा झाल्या. विठ्ठलराव आत गेले म्हटल्यावर धर्मराज मागे राहणं शक्य नव्हतं. ते आत काही ठेवून देतील असा त्याला संशय. नारिंगी लेसही वर गेली. मागून आणखी कोणी. गाडी दबली. लोखंडाने कण्हल्यासारखा आवाज केला आणि माझ्या कपाळावर गंजाची पूड पडली. कुठल्याशा वर्गात मी मुलांना वजन, आधार आणि तोल यांची आकृती काढून दिली होती, ती आठवावी असं वाटलं आणि आठवेना. पांढऱ्या चपला मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

घोड्यांनी धरलं. गाडी इंचभरही सरकली नाही. पण पौर्णिमा फौजदारांकडे वळली आणि वॉर्डातल्या नातेवाइकांशी बोलायची त्या आवाजात, अगदी हळू, म्हणाली, "साहेब, गाडी वर हाय ती तुमच्या हुकमानं. खाली माझा माणूस हाय. काही झालं तर जबाबात मी एवढंच सांगीन."

तांबडे बूट एक पाऊल मागे गेले. मग साहेबांचा जो आवाज निघाला तो आमच्या जुन्या वस्तीपर्यंत गेला असेल. सगळ्यांनी उतरा, एकेक, हळू, उड्या न मारता. नारिंगी लेस उतरली. तिसरा उतरला. करकरीत चपला उतरेनात. विठ्ठलराव पुतळा शोधत त्या उभ्या कपाटात शिरले होते, आणि त्याचं दार बाहेरून ओढल्याशिवाय उघडत नाही ही त्या गाडीची जुनी खोड. आतून भिंत ठोकल्याचा आवाज येऊ लागला. धर्मराजने तत्परतेने सोडवायला जाण्याची तयारी दाखवली. पौर्णिमेने सांगितलं की सर बाहेर येईपर्यंत गाडीवर कोणीही चढणार नाही, आणि आत जे आहेत त्यांनी कृपा करून हलू नये.

तेव्हा मी नट आवळले. सावकाश आवळले, सगळे आवळले, आणि झाल्यावर एकदा परत आवळले. दरम्यान समितीने माजी आणि भावी सदस्याच्या गैरहजेरीत एकमताने ठराव केला की सदर गाडीपासून शांततेला नसला तरी जिवाला धोका असल्याने ती तत्काळ खाली घ्यावी. मी पाठीवर सरपटत बाहेर आलो, बनियनवर, कपाळाला गंज, मोज्याला भोक. कोणी हसलं नाही. मग विठ्ठलरावांना काढलं. ते घामाने निथळत होते आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत कायच न्हाई." समितीने ते नोंदवून घेतलं.

त्याच दिवशी पोलिस बंदोबस्तात चाकं लागली. दोन शिपाई, एक फौजदार आणि एका व्हॅनच्या साक्षीने गाडी घोड्यांवरून उतरली. वर्तमानपत्रात बातमी आली की वादग्रस्त वस्तू शांततेत हलवण्यात आली. मी ते कात्रण ठेवायचं म्हणत होतो, पण पौर्णिमेने त्यात लोणच्याची बरणी गुंडाळली.

आम्ही निघालो तरी वैशाख पौर्णिमेला सांचीला पोचलो नाही. त्या संध्याकाळी आम्ही बुऱ्हाणपूरच्या पुढे एका धाब्याच्या मागे, उसाच्या शेताच्या कडेला थांबलो होतो. चंद्र वर आला तेव्हा तिने गाडीच्या पायरीवर बसून चहा केला. मी स्तूप नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करू लागलो, तर ती म्हणाली की गर्दी नाही हे बरंच झालं. कोणी तरी लांबून हाक मारत होतं. ती उठली नाही.

सांचीला आम्ही दोन दिवसांनी पोचलो. गाडी लावून उतरतोय तर फोन आला. पलीकडे लखन नावाचा होमगार्ड. त्याने सांगितलं की आम्ही गेल्यावर चौथरा रिकामा दिसायला लागला. रिकाम्या चौथऱ्यावर कोणीही काहीही आणून ठेवू शकतं असा एकाचा अर्ज, आणि तो कोणी फोडू शकतं असा दुसऱ्याचा. त्यामुळे साहेबांनी त्याला तिथे बसवलं आहे. बरोबर आणखी एक आहे, ते पाळीने बसतात. चौथऱ्यावर काहीच नसल्यामुळे नक्की कशावर लक्ष ठेवायचं ते कळत नाही, पण ठेवतात.

"सर, तुमी कधी येताय?" त्याने काकुळतीने विचारलं. "तुमी येऊन गाडी लावल्याबिगर आमची ड्युटी सुटत न्हाई म्हणत्यात."

पौर्णिमेने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याची विचारपूस केली. जेवण कुठे करतो, पाणी कुठलं पितो, उन्हात बसतो की सावलीत. मग सांगितलं की आमच्या घराच्या मागे नळ आहे, तिथून सकाळ-संध्याकाळ जास्वंदीला आणि कढीपत्त्याला पाणी घाल, आणि मागच्या दाराला कुलूप नीट आहे का ते रोज एकदा ओढून बघत जा. त्याने हो म्हटलं.

तिने फोन माझ्याकडे दिला आणि चहाचं भांडं बाहेर काढलं.

"घराला राखण लागली," ती म्हणाली. "आता इथून बोधगया किती लांब हाय ते बघा."